‘तिबार पेरणी’चा अखंड वाचन सप्ताह

चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून आल्यावर नरदेह मिळतो, हे आपण कीर्तनात नेहमीच ऐकतो. परंतु त्या नरदेहातही लेखक होणं, लेखक होऊन मराठीत लिहिणं, आणि मराठीत लिहून परभणी जिल्ह्यात राहणं, हे काही एका जन्माच्या पुण्याईचं काम नव्हे. (काही बुवालोक याला पाप म्हणतात. पण तो वाद इथं नको.)

अशा जीवास ‘प्रादेशिक लेखक’ असे संबोधण्यात येते. व्याख्या सोपी आहे. जो लेखक पुण्यात राहतो तो लेखक, आणि जो पुण्याबाहेर राहतो तो प्रादेशिक लेखक. यावरून पुणे हे कोणत्याच प्रदेशात येत नाही असं सिद्ध होतं, आणि तिथं राहून आलेले लोकही तसंच सांगतात. प्रादेशिक लेखक पुण्याला गेला की त्याला ‘तुमच्याकडे यंदाही पाऊस नाही ना?’ असं हळहळून विचारलं जातं. हा प्रश्न भर ऑगस्टात, पूर्णा नदी पुलाला टेकलेली असतानाही, विचारण्याची प्रथा आहे. लेखकानं यावर मान खाली घालावी. नाही घातली तर तो प्रादेशिक राहत नाही आणि पुण्यातलाही होत नाही. मग त्याला बसायला खुर्ची कुठं द्यायची हा व्यवस्थेचा प्रश्न होतो.

आमच्या गावाला असा एक लेखक आहे. गाव वालूरपासून जिंतूरकडं येताना रस्त्याला लागून आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. लेखकाचं नाव महारुद्र. तो कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणजे बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकतो, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसून लिहितो. गिऱ्हाईक आलं की लिहिणं थांबतं. त्यामुळं त्याच्या कादंबरीत पेरणीच्या दिवसांत लिहिलेली प्रकरणं अगदी आखूड आणि उन्हाळ्यातली लांबलचक झाली आहेत. एका समीक्षकानं याला ‘ऋतुचक्राशी एकरूप झालेला निवेदनाचा श्वास’ म्हटलं आहे. आम्ही त्याला सीझन म्हणतो.

कादंबरीचं नाव ‘तिबार पेरणी’. पहिली पेरणी पाखरांनी खाल्ली, दुसरी पाण्यानं वाहून नेली, आणि एक म्हातारी तिसऱ्यांदा पेरायला निघते, अशी काहीतरी गोष्ट आहे. (इतकं मागच्या कव्हरवर छापलेलं आहे.) प्रकाशक पुण्याचे. त्यांनी बोलीभाषेचं तोंड भरून कौतुक केलं आणि ती निम्मी करायला सांगितली. दुष्काळ कमी पडतो असंही कळवलं. महारुद्रनं मन घट्ट करून तीन पानं ऊन वाढवलं. शेवटी शब्दार्थ जोडले: ‘वावर’ म्हणजे शेत, ‘माळवं’ म्हणजे भाजीपाला, ‘सांच्याला’ म्हणजे संध्याकाळी. गावातल्या जाणत्या लोकांनी पुस्तक मागून उघडलं, शब्दार्थ वाचले, आणि ‘हे तर आपल्याला येतंच’ असं म्हणून समाधानानं मिटलं.

आता असा माणूस लिहितो कशासाठी, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं ढोबळ उत्तर सत्कार असं आहे. आमच्या जिल्ह्यात लेखकाचा सत्कार करण्याबाबत कुणी आमचा हात धरणार नाही. शाल, श्रीफळ, फेटा, आणि भाषणं. लेखकाला स्वतःला बोलायला वेळ उरत नाही, कारण त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ असतात. महारुद्रच्या एका सत्काराला तालुक्याचे एक पुढारी आले होते. ते म्हणाले, “शेतकऱ्यावर तिबार पेरणीची पाळीच येऊ नये म्हणून कुठलं बियाणं घ्यावं अन् कधी काय फवारावं, हे महारुद्ररावांनी या ग्रंथात सोप्या भाषेत सांगितलेलं हाय.” टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात चार माणसं येऊन फवारणीचं पान कोणतं ते विचारून गेली. महारुद्रनं त्यांना औषध दिलं. पुस्तकाचा असा थेट उपयोग पुण्याच्या लेखकांना साधलेला माझ्या ऐकिवात नाही.

घरोघरी त्यानं ‘सप्रेम भेट’ म्हणून प्रती वाटल्या होत्या. वर्ष झाल्यावर मी सहज चौकशी केली, कारण मी आमच्या सप्ताह समितीचा सचिव असून घरोघर वर्गणीला जावंच लागतं. मला आढळून आलं ते असं: निम्म्याहून अधिक प्रती देवघरात होत्या आणि त्यांना रोज कुंकू लागत होतं. काही कपाटात, पैठणीच्या घडीत, डांबराच्या गोळीसह होत्या. एक फ्रिजवर होती, खाली क्रोशाचा रुमाल. एक प्रत गावातल्या राजेश्रीच्या लग्नात रुखवतावर लाडवांच्या शेजारी मांडली होती आणि ती तिच्याबरोबर जिंतूरला सासरी गेली. एकाही प्रतीचं पान दुमडलेलं नव्हतं, डाग नव्हता, वास नवाकोरा होता. वाचनसंस्कृतीच्या नावानं जे रडतात त्यांनी हे येऊन पाहावं. आमच्याकडं ग्रंथाला इतका मान आहे की कुणी त्याला हात लावत नाही.

महारुद्रला मात्र याचं सुख नव्हतं. लेखकाची जात असमाधानी असते, त्याला आपण काय करणार. बायको शिवकन्या तर पहिल्या दिवशीच म्हणाली होती, “तुमी जे लिवलंय ते मी रोज बघायलेय. आता परत वाचू कशाला?”

सप्ताहाच्या बैठकीला मारुतीच्या देवळात सगळे जमले होते. मंडप कुठून आणायचा, शेवटच्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाला कोणते बुवा बोलवायचे, असे गंभीर विषय चालू होते. तेवढ्यात महारुद्र उभा राहिला.

“अण्णा, मला बोलायचंय.”

“बोल की,” मी म्हणालो. “आचारी वालूरचाच ठेवायचा का?”

“आचाऱ्याचं न्हाई. पुस्तकाचं.” महारुद्र म्हणाला. “गावात एक माणूस दाखवा मला. ज्यानं माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटल्या पानापतुर वाचलंय. एकच. वाईट हाय म्हणू द्या, खोटं हाय म्हणू द्या, तोंडावर फेकून मारू द्या. पर वाईट म्हणायला तरी कुणी उघडायला पायजे का न्हाई?”

आदिनाथनं खांबावरचा पंखा बघितला.

“दुसरी कादंबरी अर्धी झालीय माझी,” महारुद्र म्हणाला. “गावावरच हाय ती बी. आता सगळ्यांच्या म्होरं सांगतो. काल्याच्या दिवसापतुर एक माणूस पहिली पुरी वाचून मला भेटला, तर दुसरी पुरी करीन. न्हाई भेटला तर ती पानं महाप्रसादाच्या चुलीत घालीन. पेन धरलं तर बिल फाडायला धरीन. मारुतीची आन.”

हे बोलताना त्यानं मारुतीच्या पायाला हात लावला होता, त्यामुळं समितीला विषय टाळता येईना. सटवाजीमामा म्हणाले, “पोरगं बेजार झालंय लय.” सटवाजीमामा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. दरसाल नांगरटीला शेजाऱ्याचा बांध बोटभर कोरतात, अशी त्यांची ख्याती आहे. (ख्याती जुनी आहे, आणि बांध आता पायवाटेएवढा राहिला आहे.) बायनाबाई म्हातारी म्हणाली, “वाचा की रं कुणीतरी. लेकरू जाळायला निघालंय.”

आणि त्या क्षणी मला, पांडुरंगाच्याच कृपेनं म्हणतो, मार्ग दिसला.

मी कीर्तनावर वाढलेला माणूस आहे. गावात काहीही टिकत नाही हे मला माहीत आहे; हातपंप टिकत नाही, रस्ता टिकत नाही, आघाडी टिकत नाही. पण सप्ताह टिकतो. का टिकतो? कारण त्याला शिस्त आहे. सप्ताहात वीणा एकदा उभा राहिला की शेवटच्या दिवसापर्यंत जमिनीला टेकत नाही. एक जण गळ्यात घेऊन उभा राहतो, त्याची पाळी संपली की दुसरा घेतो, रात्रंदिवस. याला पहारा म्हणतात. पहाऱ्याला माणूस मिळाला नाही असं आमच्या गावात कधी घडलेलं नाही. मी विचार केला, जे वीण्याला चालतं ते कादंबरीला का चालू नये?

मी ठराव मांडला: यंदाच्या सप्ताहात वीण्याशेजारीच ‘तिबार पेरणी’चाही अखंड पहारा ठेवण्यात यावा. ठराव एकमतानं मंजूर झाला. नियमावली मीच केली. ती इतर गावांनाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

एक. कादंबरी सप्ताह समाप्तीपर्यंत खाली ठेवता येणार नाही.

दोन. पहारेकऱ्याने अनवाणी व उभे राहावे. तंबाखू वर्ज्य. मोबाईल घरी ठेवून यावे.

तीन. ज्याच्या हाती कादंबरी आहे त्याच्या पाया येणाऱ्या-जाणाऱ्याने पडावे, मग तो वयाने लहान असो की नात्याने जावई असो.

चार. पहारा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडून मगच कादंबरी हाती घ्यावी.

पाच. वाचन सोयीनुसार.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कादंबरीची मिरवणूक निघाली. टाळकरी पुढं, बाया कलश घेऊन मागं. भुरभुर चालू होती म्हणून पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून लाल फडक्यानं करकचून बांधलं होतं. गावातून नेताना दारोदार औक्षण झालं. महारुद्र ट्रॉलीत शेजारी बसला होता, फेटा बांधून. त्याचे डोळे भरून आले होते. आम्हाला वाटलं आनंदानं.

पहिला पहारा आदिनाथचा. आदिनाथ आमचा मुरलेला विणेकरी, त्याला ही कामं सांगावी लागत नाहीत. त्यानं उजव्या हातात कादंबरी छातीशी धरली, डाव्या हातात टाळ घेतला, डोळे मिटले आणि हलकेच झुलू लागला. पाहणाऱ्याला गहिवर यावा असं दृश्य होतं. इथं एक तांत्रिक अडचण मात्र ध्यानात आली. एका हातात टाळ, दुसऱ्या हातात कादंबरी, म्हटल्यावर पान उलटायला तिसरा हात लागतो. समितीनं यावर विचार केला आणि टाळ सोडता येणार नाही असा निर्णय दिला.

संध्याकाळी महारुद्र माझ्याजवळ आला.

“अण्णा, वाचायलेत का कुणी?”

“अरे, धरायलेत की! पहाऱ्याला रांग लागलीय. पूर्णेहून पाव्हणे आलेत, ते बी मागायलेत.”

“पर फडकं बी सोडलेलं न्हाई अण्णा.”

“धीर धर. वीण्याचा सूर तरी किती जणांना कळतो? धरतात ना? पुण्य धरण्यात हाय.”

तो मंडपाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या पुस्तकाच्या पाया पडताना बघत राहिला. मला वाटतं, इतका सन्मान बघून कुठलाही लेखक असाच गप्प झाला असता.

मधल्या दिवसांत बायनाबाईचा पहारा होता. म्हातारीला अक्षरओळख नाही, पण हौस मोठी. पहारा संपल्यावर तिनं महारुद्रला हाक मारली. “ये लेकरा. काय लिवलंस रं यात एवढं?”

महारुद्र एकदम पुढं झाला. “कामून आत्या?”

“लय जड लिवलंस. हात भरून आला माझा.”

वर्षभरात पुस्तकाविषयी मिळालेलं हे पहिलं मत. महारुद्र हसला, आणि मग तोंड फिरवून बराच वेळ मंडपाच्या दोऱ्या तपासत बसला.

आता शिवकन्येकडं येतो. हे सगळं ती स्वयंपाकाच्या मांडवातून बघत होती. सप्ताहात पोळ्या लाटायला अर्ध्या गावच्या बाया बसतात, आणि तिथं पोळीबरोबर काय काय लाटलं जातं हे परमेश्वरालाच ठाऊक. काल्याला एक दिवस उरला होता. शिवकन्येनं एक पोळी लाटून तव्यावर टाकली आणि शेजारच्या सारजाबाईला सहज म्हणाली,

“मावशी, तुमी बी हाव म्हणं त्यात.”

“कशात माय?”

“यांच्या पुस्तकात.”

सारजाबाईंचं लाटणं थांबलं. “मी? मी कामून?”

“मला काय ठाव. सुनेचं अन् तुमचं काहीतरी हाय म्हणं. अन् सटवाजीमामांचं तर बांधाचं समदं लिवलंय.”

“बांधाचं? कोरलेलं?”

“कोरलेलंच की. नावानिशी.”

शिवकन्येनं पुस्तक वाचलेलं नव्हतं, त्यामुळं तिला बोलताना कसलीच अडचण आली नाही.

बातमी मांडवातून निघाली ती वाढप्यांच्या बादलीबरोबर पंगतीत पोचली. वरण घेणाऱ्यानं भात घ्यायच्या आत पुढच्याला सांगितली. पंगत उठली ती हात न धुता उठली. देवघरांची दारं उघडली. कुंकवानं चिकटलेली पानं सुरीनं सोडवली गेली. पैठण्या अस्ताव्यस्त झाल्या. राजेश्रीच्या बापानं जिंतूरला फोन लावून लेकीला सांगितलं, ते पुस्तक पयल्या एसटीनं कंडक्टरजवळ दे. ती म्हणाली, “देईन, पर आदी मी बघते मी हाय का.” आणि मंडपात, मला सांगायलाही संकोच वाटतो, पहाऱ्यावर उभ्या असलेल्या आदिनाथनं चक्क टाळ खाली ठेवला, दातानं फडक्याची गाठ सोडली, प्लास्टिक फाडलं आणि खांबाच्या दिव्याखाली वाचायला लागला.

त्या दिवशीचं कीर्तन मी विसरणार नाही. बुवा रंगात आले होते. विषय वैराग्याचा, दृष्टांत एकाहून एक. समोर सारा गाव बसला होता, आणि सगळ्यांच्या माना खाली. बुवांना वाटलं गावाला पश्चात्ताप झाला. त्यांनी ‘रामकृष्ण हरी’ म्हणायला सांगितलं, तर मागून कुणीतरी “पान कोणतं? पान सांगा आदी” असं म्हणालं. मी आयुष्यात कीर्तनाला असा एकाग्र श्रोता पाहिला नव्हता. फक्त तो कीर्तनाला एकाग्र नव्हता, एवढीच काय ती उणीव.

कीर्तन संपल्यावर बुवांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “बालाजीअण्णा, गावाला वाचनाची गोडी लावलीत. धन्य आहात.” मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, “आमचं काही आलंय का त्यात?”

निष्कर्ष उत्साहवर्धक होते. सारजाबाईंनी स्वतःला एका सासूमध्ये ओळखलं. त्यांच्या सुनेनंही त्याच पानावर त्यांनाच ओळखलं. त्या घरात सासूसुनेचं कोणत्याही विषयावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. गावातल्या देखण्या शिक्षिकेचं जे वर्णन आहे ते आपलंच आहे असं ग्रामपंचायत सदस्य पंकजाताईंनी जाहीर केलं, आणि तोच दावा आणखी तिघींनी केल्यामुळं हा प्रश्न सध्या खुला आहे. गावातल्या वाल्मीकनं आपण नायक असल्याचं सांगितलं, कारण नायकाच्याही मोटारसायकलीचा रंग लाल आहे. आदिनाथ स्वतःला उभ्या उभ्या झोपलेला सापडला. ते वाक्य मुळात रवंथ करणाऱ्या बैलाचं आहे, असं महारुद्र शपथेवर सांगतो, पण आदिनाथ ऐकायला तयार नाही.

थोडक्यात, गावानं पुस्तक वाचलं. पण महारुद्रची अट पुरी झाली नव्हती. कारण जो तो आपण सापडेपर्यंतच वाचत होता. सापडला की दोनदा वाचायचा, घरच्यांना बोलावून वाचून दाखवायचा, लेखकाला शिव्या द्यायचा, आणि पुस्तक मिटायचा. मनुष्य आरशात तरी किती वेळ बघणार?

काल्याचा दिवस उजाडला. दहीहंडी फुटली, लाह्या वाटल्या, समारोपाचं बोलणं झालं. महारुद्र आला तो बियाण्याच्या कंपनीची पिशवी घेऊन. पिशवीत दुसऱ्या कादंबरीची पानं. त्याचा चेहरा बघून टाळकऱ्यांनी आपोआप टाळ थांबवले.

“पुरी कुणी वाचली?” त्यानं विचारलं. “शेवटापतुर.”

सगळ्यांनी हातातल्या लाह्या निवडायला घेतल्या.

“सारजामावशी?”

“मी माझ्यापतुर वाचली बा,” सारजाबाई म्हणाल्या. “म्होरं काय करायचंय?”

“आदिनाथभाऊ?”

“मला बैल केलास तिथंच ठेवली मी.”

“बुवा?”

बुवांनी आपण अजून शोधात असल्याचं प्रांजळपणे सांगितलं.

महारुद्रनं मान हलवली आणि महाप्रसादाच्या चुलीकडं निघाला. चूल भट्टीसारखी पेटलेली. शिवकन्या वाटेत उभी राहिली. म्हणाली, “मारुतीला सांगू आपण, तो समजून घेतो.” महारुद्र म्हणाला, “आन घेतलीय. बाजूला हो.” तिच्या हाताचं पीठ त्याच्या बाहीला लागलं. तो थांबला नाही. त्यानं पिशवीत हात घातला आणि वरची पानं बाहेर काढली. बायनाबाई रडायला लागली. खरं सांगतो, त्या वेळी मला माझी नियमावली फार थोर वाटली नाही.

तेवढ्यात मंडपाच्या मागून आरडाओरडा आला. “कुठं हाय तो? कुठं हाय तो लेखक?”

सटवाजीमामा. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात ‘तिबार पेरणी’, डोळे लालभडक, रात्रभर झोपले नसावेत. गर्दीनं वाट करून दिली. बांधाचं प्रकरण आता भर मंडपात निघणार म्हणून मागच्यांनी खुर्च्यांवर चढून जागा धरल्या.

“कामून खोटं बोललास?” मामांनी पुस्तक महारुद्रच्या तोंडापुढं नाचवलं.

“मी? मामा, मी काय…”

“समदं गाव म्हणायलंय सटवाजीचा बांध हाय त्यात, सटवाजीचा बांध हाय त्यात! पयल्या पानापून बघायलोय मी. वाटलं, दुसऱ्या प्रकरणात असंल. न्हाई. वाटलं, म्हातारीच्या शेजारी माझं वावर असंल. न्हाई. चष्मा लावून बघितलं, नातवाकून वाचून घेतलं, परत मी वाचलं. शेवटचे ते शब्दार्थ बी वाचले. ‘बांध’ न्हाई त्यात! कुठंच न्हाई मी!”

महारुद्रच्या हातातली पानं हवेतच राहिली.

“मामा,” तो अगदी हळू म्हणाला, “पुरं वाचलं तुमी?”

“मग? सांगायलो काय मी?”

“शेवट… शेवट वाचला?”

“वाचला की. ती म्हातारी तिसऱ्यांदा ओटीत बी घेऊन निघती, अन् लेक म्हणतो आता कशाला, अन् ती म्हणती…” सटवाजीमामा थांबले. त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. “तिथं लय वाईट वाटलं. आमची माय अशीच होती. ते जाऊ दे! मला फिरवू नको. गावात एवढा मोठा माझा बांध, पिढ्यान्पिढ्याचा, अन् तुला लिहावासा वाटला न्हाई? त्या आदिनाथला बैल करायला पान हाय तुझ्याकडं!”

महारुद्र मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता ते मला सांगता येणार नाही. दोन्ही करत असावा. सटवाजीमामांचं लक्ष आता त्याच्या हाताकडं गेलं.

“हे काय? कशाची पानं?”

“दुसऱ्या कादंबरीची.”

“मग चुलीजवळ कामून आणलीस, येड्या? हिच्यात तरी हाव का मी?” असं म्हणून त्यांनी ती पानं ओढून घेतली, पिशवीही घेतली, लाह्यांच्या पोत्यावर बसले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. महाप्रसादाची पंगत दोनदा बसून उठली तरी उठले नाहीत.

अशा रीतीनं आन पुरी झाली आणि मराठी साहित्य थोडक्यात वाचलं. मारुतीला आम्ही नारळ वाढवला.

पुढच्या महिन्यात महारुद्रच्या दुकानात गर्दी वाढली. बियाण्यासाठी नव्हे. दुसऱ्या कादंबरीत प्रवेश मिळावा म्हणून. कुणी आपल्या आयुष्यातल्या करुण प्रसंगांची यादी आणतं, कुणी भावकीतल्या माणसाला खलनायक करण्याची शिफारस करतं. पंकजाताईंनी दोन प्रकरणं मागितली आहेत. बुवांनी, चूक होऊ नये म्हणून, आपला सविस्तर पत्ता कळवला आहे. सटवाजीमामा रोज येऊन एकच विचारतात, “आला का माझा बांध?” महारुद्र रोज सांगतो, “पुढच्या प्रकरणात, मामा.” तो आता शहाणा झाला आहे. एखादा माणूस पुस्तकात घातला की वाचक त्या पानावर मरतो, हे त्याला कळून चुकलं आहे. म्हणून त्यानं असं ठरवलंय की पुस्तकात कुणालाच पुरता घालायचं नाही. जो तो पुढच्या पानावर येईल असं वाटत राहिलं पाहिजे. पुण्याच्या प्रकाशकांनी या शैलीला काहीतरी नाव दिलंय. आम्ही तिला सटवाजीमामा म्हणतो.

आता राहिलात आपण. आपण ही हकीकत पहिल्या ओळीपासून इथवर वाचलीत. साहित्याची आवड, मायबोलीची कळकळ, ग्रामीण भागाविषयी आस्था, अशी कारणं आपण चारचौघांत सांगाल आणि समिती मान डोलावेल. मधे सारजाबाईंच्या वेळी आपल्याला कुणाची तरी आठवण झाली, आदिनाथच्या वेळी तर आपण ते कुणाला वाचून दाखवायचं हेही ठरवलंत. आणि स्वतः आपण कुठंच सापडला नाहीत, म्हणून पुढं पुढं येत राहिलात.

तरी विनंती अशी: एखाद्यानं एवढ्या चिकाटीनं शेवटपर्यंत यावं, म्हणजे त्यानं काहीतरी नक्की केलेलं असणार. काय केलंय ते निःसंकोच कळवावं. महारुद्रला शेवटच्या प्रकरणाला मजकूर कमी पडायलाय.